गीझर बाहेर, माणूस आत

पाहुणा आला की लोक त्याला दिवाणखान्यात बसवतात. मला सरळ न्हाणीघरात नेत. सिकंदराबादच्या लष्करी बंगल्यांपासून जुन्या शहरातल्या गल्ल्यांपर्यंत अर्ध्या हैदराबादची न्हाणीघरं मी पाहिली आहेत, तीही यजमान शेजारी अवघडून उभे असताना. बाहेरच्या खोलीत साहेबांचा मंत्र्यांबरोबरचा फोटो, आणि आत त्याच साहेबांचा भोकं पडलेला पंचा. मी दोन्ही बघून गप्प राहायचो. डॉक्टर आणि वकील गुपितं राखतात म्हणून त्यांचा मान. गीझरवाल्यानं काय काय पोटात ठेवलंय ते कुणी विचारत नाही.

गीझरवाला म्हणालो खरा, पण माझ्या कार्डावर नावापुढे बी.एस्सी. छापलेलं होतं आणि ते मी कुणाला काढू दिलं नाही. आमच्या बिरादारांच्या सात पिढ्या उदगीरकडे ज्वारी पिकवण्यात गेल्या. वडील काचीगुड्याला आले ते धान्याच्या आडतीत पोती तोलायला. त्या घरातला पहिला पदवीधर मी. रसायनशास्त्र घेऊन पास झालो तेव्हा वडिलांनी आडतीतल्या सगळ्या हमालांना जिलेबी वाटली आणि पुढं मरेपर्यंत ते लोकांना सांगत राहिले, की आमचा थोरला सायंटिस्ट आहे, हिमायतनगरला असतो. हिमायतनगरला मी गॅस गीझरच्या एका दुकानात सर्व्हिस विभागाचा मुख्य होतो. वडिलांचं वाक्य मी कधी दुरुस्त केलं नाही, कारण त्यात मला फारसं चुकीचं काही दिसत नव्हतं.

ज्यांच्याकडे गॅस गीझर नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गॅस गीझर म्हणजे भिंतीवर टांगलेली शेगडी. नळ सोडला की सेलवर ठिणगी पडते, बर्नर पेटतो, वरून जाणारी तांब्याची नळी तापते आणि गरम पाणी येतं. शेगडी म्हटली की तिला हवा लागते. तिला तुम्ही खिडक्या बंद असलेल्या चिमुकल्या खोलीत कोंडलं, की ती खोलीतली हवा खात सुटते. हवा पुरेनाशी झाली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणीही येत नाही. सिलिंडर गळला की जो घाण वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. इथं मिसळणार कोण? हा वायू तुमच्या घरात, तुमच्याच देखत तयार होतो आणि रक्तात प्राणवायूच्या जागेवर जाऊन बसतो. डोकं जड होतं, मळमळतं, माणसाला वाटतं पित्त झालं. दार उघडावं असं मनात येतं, पण पाय ऐकत नाहीत.

म्हणून आमच्या धंद्यात एकच नियम होता: गीझर बाहेर, माणूस आत, मध्ये भिंत. ते जमतच नसेल तर रोशनदान उघडं ठेवा, बादली भरून घ्या, गीझर बंद करा, आणि मग आत जाऊन कडी लावा. एवढंच. लहान पोराला कळेल. पण मोठ्यांना पटवण्यात माझी सगळी नोकरी खर्ची पडली.

लोक रोशनदानं कशाकशानं बुजवतात, सांगू? कबुतरं येतात म्हणून गोधडीनं. शेजारची गच्ची दिसते म्हणून पुठ्ठ्यानं. वेगळ्या राज्याचं आंदोलन पेटलं होतं त्या दिवसांत सिकंदराबादला एका घरी गेलो, तर न्हाणीघराच्या झरोक्यावर एका पुढाऱ्याचा फ्लेक्स ठोकलेला. पुढारी हात जोडून आत बघतोय आणि खाली घरची माणसं अंघोळ करतायत. मी म्हटलं, हा काढावा लागेल. घरमालक ताडकन म्हणाला, "हमारे लीडर कू निकालते? तुम कौनसे पार्टी के?" मी त्याला वायूचं सूत्र सांगायला लागलो, तसा तो आणखीच तापला, त्याला वाटलं सूत्रही विरुद्ध पार्टीचं आहे. शेवटी आमचा फिटर खाजाभाई पुढं झाला. "भाईजान," तो म्हणाला, "इत्ते बड़े आदमी कू बाथरूम में खड़ा कर्‍के रखे. अच्छा लगता?" माणूस चपापला. फ्लेक्स मोठ्या सन्मानानं निघाला आणि दर्शनी भिंतीवर लागला, वर हार घातला, नारळ फुटला. प्रसादाचा तुकडा चघळत मी उघड्या झरोक्यातून येणारी हवा बघत होतो. बी.एस्सी.चा तिथं उपयोग झाला नाही हे कबूल करतो.

एरवी पटवायला आमच्याकडे यंत्र होतं. मोनॉक्साइड मोजणारं, हातात मावणारं. वायू वाढला की त्यावर लाल आकडा यायचा आणि ते कोंबडीच्या पिल्लासारखं ओरडायचं. माझं ऐकून जे लोक जांभया देत, ते त्या ओरडण्यानं हात जोडत. एक गृहस्थ तर म्हणाले, "जरा हमारे सास के कमरे में भी लगाके देखो."

मग राज्याचे दोन तुकडे झाले आणि त्या यंत्राचे हाल सुरू झाले.

दुकानाचे मालक दोघे. मूर्ती गारू, म्हणजे आपल्याकडे मूर्तीराव, इथले, आणि त्यांचे मेहुणे प्रसाद गारू विजयवाड्याकडचे. इतकी वर्षं दोघं एकाच टेबलावर समोरासमोर बसून एकाच डब्यातली इडली खात होते. वर सरकारची कार्यालयं, फायली, गाड्या, खुर्च्या वाटून घ्यायचं चाललं होतं, ते वारं आमच्या दुकानातही शिरलं. प्रसाद गारूंनी विजयवाड्याला वेगळं दुकान काढलं. गोदाम वाटलं, स्कूटर वाटल्या, पंखे वाटले. भिंतीवरचा देवाचा फोटो वाटता येईना म्हणून त्याची हुबेहूब प्रत काढली, आणि मूळ फोटो कुणाकडे गेला यावर दोघं दोन दिवस बोलले नाहीत. राहिलं यंत्र. ते एकच, आणि महाग.

"बिरादार गारू, मीरे चेप्पंडी," मूर्ती गारू मला म्हणाले, म्हणजे तुम्हीच सांगा. मी म्हटलं, नवीन घ्या. त्यावर मात्र दोघांचं ताबडतोब एकमत झालं, की असं उधळपट्टीचं बोलू नये.

ठरलं असं, की यंत्र आळीपाळीनं दोन्ही राज्यांत राहील. प्रेशर कुकरच्या खोक्यात, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून ते बसच्या पार्सलनं जायचं आणि यायचं. त्याच खोक्यातून प्रसाद गारूंची बायको आपल्या नणंदेला, म्हणजे मूर्ती गारूंच्या बायकोला, गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या, लोणच्याची बरणी पाठवू लागली. माणसं वेगळी झाली तरी लोणचं वेगळं झालं नव्हतं. एकदा बरणीचं झाकण सैल राहिलं. खोकं उघडलं तेव्हा यंत्र तेलात न्हालेलं, वर मोहरीचे दाणे. ते सुरू केलं तर आमच्या स्वच्छ दुकानातही लाल आकडा दाखवून ओरडायला लागलं.

"साब," खाजाभाई वास घेत म्हणाला, "मशीन कू मिरची लगी."

यंत्र दुरुस्तीला पुन्हा विजयवाड्याला गेलं, कारण लोणचं तिकडचं असल्यानं दुरुस्ती त्यांनीच करायची असा मूर्ती गारूंचा न्याय. आणि नेमका तेव्हाच, दिवाळी तोंडावर असताना, काचीगुड्याहून पाटोदेकर वकिलांचा फोन आला.

वकीलसाहेब म्हणजे जुनं घराणं. आजोबा निजामाच्या अदालतीत, वडील न्यायखात्यात, आणि हे हायकोर्टात वकिली करून निवृत्त झालेले. गीझर आमच्याकडूनच घेतला होता, पण बसवला त्यांच्या नेहमीच्या नळवाल्यानं. तक्रार अशी, की तो मध्येच विझतो.

"येऊन बघा आणि चालू करून द्या," साहेब फोनवर म्हणाले. "लेकीचा पहिला दिवाळसण आहे. जावई येऊ लागलेत."

मी आणि खाजाभाई गेलो. न्हाणीघर बघून मी दारातच उभा राहिलो. जावयासाठी ते आतून बाहेरून नवं केलेलं. वर फॉल्स सीलिंग. कबुतरांचा त्रास नको म्हणून रोशनदान जाड काचेनं कायमचं बंद. दाराला खाली रबराची पट्टी, म्हणजे थंडीचं वारं यायला नको. अंगणाकडच्या भिंतीवर आतून फरश्यांचा मिळून एकच मोठा मोर, पिसारा फुलवलेला. आणि त्या डबीसारख्या बंद खोलीत, मोराच्या डोक्यावर, गीझर. नळ सोडला. ज्वाळा निळी असावी लागते. ही पिवळी, लवलवणारी. गीझर विझत होता तो बिचारा गुदमरून.

तेवढ्यात मागून माई आल्या, वकीलसाहेबांच्या पत्नी. हातात चकलीचा सोऱ्या. "मला मेलीला ह्या नव्या बाथरूमात गेलं की कसंतरीच व्हायलंय," त्या म्हणाल्या. "डोकं गच्च होतं. काल तर बाहेर आले आणि पलंगावर पडले."

"फराळाची दगदग," साहेब म्हणाले. "शिवाय हिचे उपास."

मी साहेबांना सगळं समजावून सांगितलं. आता मागं वळून बघताना कळतं की जरा जास्तच सांगितलं. रेणू, प्राणवायू, रक्त, एकही धडा सोडला नाही. साहेबांनी डोळे मिटून ऐकून घेतलं आणि मग चष्मा काढला. तो चष्मा निघाला की समोरच्याची काय अवस्था व्हायची हे मला पुढं हायकोर्टातल्या लोकांनी सांगितलं.

"तुम्हाला आत्ता इथं हा वायू दिसतोय?"

"दिसत नाही, साहेब."

"वास येतोय?"

"त्याला वास नसतो."

"हो किंवा नाही?"

"नाही."

"मग तुमची साक्ष कशावर?"

"ज्वाळा पिवळी आहे. आणि माईंना त्रास होतोय."

"पिवळा रंग हा गुन्हा नाही, आणि आमच्या हिला एकोणीसशे कधीपासून डोकेदुखी आहे. प्रत्यक्ष पुरावा काय?"

"मोजायचं यंत्र आहे ना आमच्याकडे."

"आणा मग."

"ते विजयवाड्याला आहे."

"म्हणजे," चष्मा पुन्हा नाकावर चढवत साहेब म्हणाले, "साक्षीदार परराज्यात."

खाजाभाई खाली बघून हसत होता. मी हट्टाला पेटलो. म्हटलं, गीझर मागच्या अंगणातल्या भिंतीवर नेतो, फक्त पाण्याची नळी आत येईल, त्यासाठी एक छोटं भोक पाडावं लागेल.

"कुठं?"

मी बोट ठेवलं. ते मोराच्या मानेवर पडलं.

साहेबांनी सरळ मूर्ती गारूंना फोन लावला आणि ग्राहक न्यायालय, नुकसानभरपाई, मानसिक त्रास असे तीन शब्द इंग्रजीत बोलले. मग फोन माझ्याकडे दिला. मूर्ती गारू पलीकडून कळवळत होते, "बिरादार गारू, विझतोय तेवढा दुरुस्त करून या हो. तुम्हाला रसायनशास्त्रच शिकवायचं असेल तर प्रसादकडं पाठवतो, यंत्राबरोबर, त्याच खोक्यात."

मी फोन ठेवला. आता खरं सांगतो, नोकरीची भीती वाटत होती, पण डोळ्यांपुढे तो जावई येत होता. दिवाळीची पहाट, अंगाला तेल चोपडलेलं, दारात रबराची पट्टी, आतून कडी, आणि सासुरवाडीला गरम पाण्याची चंगळ असल्यावर कोण लवकर बाहेर येतं? अशी बातमी पेपरात आली की आमच्या दुकानात कुणी दिवसभर मोठ्यानं बोलत नसे. घर आपलं नसलं तरी वाटायचं, आपण तिथं आधी पोचायला हवं होतं.

"साहेबांना सोडा," माई अचानक म्हणाल्या. "मला सांगा. मी दार लोटून न्हाते तर माझी ही गत. जावईबुवा कडी लावून न्हाणार. होय ना?"

"होय, माई."

"आमच्या सासूबाईंच्या वेळी पाण्याचा बंब असायचा. तो कुणी न्हाणीघरात पेटवला का हो कधी? अंगणात पेटायचा. धूर तिकडंच जायचा आणि पाणी इकडं यायचं." त्यांनी सोऱ्या साहेबांच्या हातात दिला. "ठरलं. पहिल्या दिवाळीची अंघोळ अंगणात. पाटावर. अर्ध्या अंघोळीत ओवाळायचं असतं तेही नीट होईल. बंद दाराला काय ओवाळायचं?"

"अंगणात?" साहेब ओरडले. "अगं, सगळा मोहल्ला बघेल! नवं बाथरूम कशासाठी केलं मग?"

"तुमच्यासाठी."

प्रश्न पाण्याचा आला. बंब केव्हाच मोडीत गेलेला. खाजाभाई म्हणाला, "माँजी, मेरे साले का शादी-खाने का काम है. देग लाता मैं, बड़ी. भट्टी बी लाता."

"बिर्याणीच्या देगेत माझ्या जावयाचं पाणी?" साहेबांचा आवाज फुटला.

"चावल की देग है साब, गोश्त की नै. मँज के लाता."

"न्हायलाच पाहिजे ना," माई म्हणाल्या. "प्यायचं कुठंय?"

निघताना मी माईंच्या देखत गीझरचे दोन्ही सेल काढून घेतले. सेल नाही तर ठिणगी नाही, ठिणगी नाही तर ज्वाळा नाही. खिशात टाकून मी दारच्या पायऱ्या उतरलो तेव्हा फार हुशारी केल्यासारखं वाटत होतं.

नरकचतुर्दशीला अंधार होता तोवरच आम्ही दोघं अंगणात हजर. देग लखलखीत, खाली भट्टी भणभणतेय, वरून वाफ. रांगोळी, पाट, समया. जावई बाहेर आला. सचिवालयातला अधिकारी, पोरगा सज्जन, चश्मिस, लाजून अर्धा झालेला. अंगावर हाफ पँट आणि खांद्यावर टॉवेल धरला होता तो तलवार धरल्यासारखा. लेक तेल लावतेय, माई उटणं लावतायत, आणि आजूबाजूच्या गच्च्यांवर हळूहळू माणसं जमा होतायत. साहेब एका बाजूला चादर धरून आडोसा करत होते, पण गच्च्या तिन्ही बाजूंना, आणि चादर एक.

"सासूबाई," जावई हळूच म्हणाला, "पाण्याला वेलचीचा वास येतोय."

"उटण्याचा आहे."

वरच्या गच्चीवरून शेजारच्या लक्ष्मी अम्मा जावयाला हाक मारून ओरडल्या, "अल्लुडु गारू! तुमचं झालं का हो पक्कं? आंध्रा की तेलंगाणा?"

त्या दिवसांत सचिवालयातल्या सगळ्यांची वाटणी व्हायची होती, आणि कोण कुठल्या राज्यात जाणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. जावई डोळ्यांत साबण गेलेला, दोन्ही हात वर, म्हणाला, "अजून काही कळवलं नाही!" सगळ्या गच्च्यांवरून चुकचुकाट झाला.

साहेबांना हे असह्य झालं. जावयाची अशी जाहीर अंघोळ, वर बिर्याणीची देग, आणि आत एवढा खर्चाचा मोर रिकामा. त्यांनी चादर खाजाभाईच्या हातात दिली, "मी आवरून येतो" म्हणाले आणि आत गेले. आम्हाला वाटलं, रागानं जाऊन बसले असतील. मीही निर्धास्त होतो. सेल माझ्याकडे होते.

ओवाळणी झाली, फुलबाजी लागली, माईंनी दिवाळसणाची अंगठी जावयाच्या बोटात घातली. आणि तेलकट बोटातून ती सुळकन निसटली. घरंगळत पाटाखाली, तिथून फेसात, तिथून कुठं ते दिसेना. अजून उजाडलं नव्हतं. जावई गुडघ्यांवर, लेक रडवेली, लक्ष्मी अम्मा वरून दिशा सांगतायत, "लेफ्ट, लेफ्ट, मोरीकडं!" खाजाभाई चादरीसकट वाकलेला.

"थांबा, बॅटरी आणते," म्हणत माई आत गेल्या. साहेबांच्या उशाशी कायम असायची ती जुनी मोठी बॅटरी घेऊन आल्या, बटण दाबलं. उजेड नाही. त्यांनी ती हलवली. हातात तोलून बघितली. मग मागचं झाकण फिरवलं.

आत सेल नव्हते.

माईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिशावर हात ठेवला. दोघांनाही एकाच वेळी कळलं. बॅटरीचे सेल आणि गीझरचे सेल एकाच मापाचे असतात, हे मला बी.एस्सी.त शिकवलं नव्हतं आणि धंद्यात माहीत असून सुचलं नव्हतं.

"अहो!" माईंची ती हाक मी विसरणार नाही. आतून पाण्याचा आवाज येत होता, माणसाचा येत नव्हता.

मी सिलिंडरकडे धावलो आणि रेग्युलेटर बंद केला. खाजाभाईनं चादर फेकली, धावत जाऊन खांद्यानं दाराला धडक दिली. नव्या दाराची नवी कडी, ती कसली हलते. दुसऱ्या धडकेला जावई सोबत होता, साबण लावलेला, अनवाणी. तिसऱ्या धडकेला दार आत पडलं. साहेब मोराच्या पायाशी बसलेले होते, पंचा गुंडाळलेला, मान एका बाजूला, एक हात दाराकडे. त्यांना दार उघडायचं होतं.

"श्वास रोखा, ओढा बाहेर!" मी ओरडलो. आम्ही तिघांनी त्यांना फरफटत अंगणात आणलं, रांगोळीवरून, थेट पाटापाशी. लक्ष्मी अम्मांच्या मुलानं गाडी काढली. माई साहेबांचे गाल थोपटत होत्या आणि एकसारख्या म्हणत होत्या, "बोला की. काहीतरी बोला. जन्मभर बोललात, आता बोला."

साहेबांनी मोठा श्वास घेतला, खोकले, देगेच्या बाजूला ओकले. डोळे अर्धवट उघडले. आधी जावयाकडे बघितलं, मग चादरीकडे, मग वर गच्च्यांकडे.

"मला," ते पुटपुटले, "काही तरी नेसवा."

माई हसल्या आणि मग जे रडल्या ते गाडीत बसेपर्यंत थांबल्या नाहीत.

दवाखान्यात त्यांना प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर मला काही करता आलं नसतं. आमचं यंत्र पुढं दुरुस्त होऊन आलं, पण पाटोदेकरांच्या घरी ते न्यायची गरज पडली नाही. साहेब घरी आल्यावर मी भेटायला गेलो, तर त्यांनी मला पलंगापाशी खुर्ची दिली आणि चहा मागवला. मग म्हणाले, "बिरादार, मी आत ओरडलो होतो. मला वाटलं मी ओरडतोय. आवाजच निघत नव्हता. सगळं कळत होतं, आणि आवाज निघत नव्हता."

मी एवढंच म्हणालो, "असंच होतं, साहेब."

दुसऱ्या दिवशी गीझर अंगणात गेला. मोराच्या मानेतून नळी गेली. भोक कुठं पाडायचं ते दाखवायला साहेब स्वतः काठी टेकत उभे राहिले. रोशनदानाची काच फुटली, रबराची पट्टी निघाली, आणि दाराला नवी कडी त्यांनी बसवूच दिली नाही.

त्यानंतर दरवर्षी मी त्यांचा गीझर साफ करायला जायचो, पैसे न घेता. एकदा सकाळीच गेलो. माई ओट्यापाशी भाजी चिरत होत्या आणि न्हाणीघरातून वकीलसाहेबांचा खणखणीत आवाज येत होता. कुठल्याशा जुन्या जमिनीच्या दाव्याचा युक्तिवाद चालला होता, पाणी ओतत, साबण लावत, मुद्द्यामागून मुद्दा.

"हे रोजचं," माई म्हणाल्या. "आत गेले की बोलत राहतात, बाहेर येईपर्यंत. गीझर आता बाहेर आहे, काही भीती नाही, मी सांगते की. ते म्हणतात, असू दे."

"आणि तुम्ही?"

"मी काय, हूं हूं करते."

आतला आवाज क्षणभर थांबला. बहुतेक तोंडावर पाणी घेतलं असेल. माईंची विळी थांबली. भेंडी तशीच हातात धरून त्या दाराकडे बघत राहिल्या, आणि "मग, कोर्ट काय म्हणालं?" असं त्यांनी मोठ्यानं विचारलं.